चादरवाले भाऊ

व्हिडिओ काढायला आलेला माणूस आधी लोकांना नीट बसवतो. भाऊंचं उलटं. कॅमेरा पाहून एखादी साडी बदलायला उठली की ते म्हणत, "हाय तशी बस वं माय. नवी साडी दुकानातबी दिसते."

भाऊ किन्हीराजा गावचे. लग्नाच्या शूटिंगवर पोट भरत आणि बाकीच्या दिवसांत स्कूटरवर वाशिम जिल्हा पालथा घालत. मेथीच्या जुड्या बांधणाऱ्या बाया, पोहरादेवीच्या यात्रेत नगारा वाजवणारे हात, पाणी न येणाऱ्या नळापुढची घागरींची रांग, असलं काहीतरी ते काढत. कुणी सांगितलेलं नसे. मागच्या पावसाळ्यात ते गेले.

स्कूटरच्या सीटमागे एक पांढरी चादर बांधलेली असे. ज्याचा व्हिडिओ, त्याला तो आधी त्याच्याच घरात दाखवायचा, मग जगाला, असा त्यांचा नियम होता. भरदुपारी दारं-खिडक्या लावायच्या, भिंतीवर चादर टांगायची, छोटा प्रोजेक्टर लावायचा. सगळं घर घामाघूम. शेवटी भाऊ एकच विचारत, "ठेवू का काढू?" काढा म्हटलं की तिथंच, समोर, सगळं पुसून टाकत.

वाशिमजवळच्या एका भाजीवाल्या काकांनी स्वतःला चादरीवर पाहिलं आणि म्हणाले, "मी इतका टकला हाय काय? काढा!" चार दिवसांचं काम होतं. भाऊंनी पुसलं, चहा प्यायले आणि निघाले. मी म्हटलं, एक कॉपी ठेवायची गुपचूप. म्हणाले, "ज्याचं तोंड त्याचा हुकूम, सिस्टर."

मी आरोग्य केंद्रात नर्स आहे, म्हणून सिस्टर. अनसिंगला माझी आई माझ्याजवळ राहायची. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण चौदा एप्रिलच्या जयंतीची गाणी ती स्वतः रचायची. वस्तीतल्या बाया तिच्यामागून म्हणायच्या. भाऊ तीन वेळा घरी येऊन नुसत्या गप्पा मारून गेले. चौथ्या वेळी आई मेथी निवडत होती, तेव्हा स्टुलावर कॅमेरा ठेवून तेही निवडायला बसले. मी ड्यूटीवर होते.

आठवड्याने चादर लागली. चादरीवर आई गात होती. मध्येच थांबून काड्या बाजूला करत म्हणाली, "गाणं म्हणायले गेली की मास्तरचा मार पडे. मार खाल्ला की अजून एक कडवं सुचे." आणि हसून पुढे गाऊ लागली.

मास्तर म्हणजे माझे वडील. वस्तीतले पहिले पगारी माणूस. त्यांचा फोटो आमच्या भिंतीवर आहे, विहारातही आहे. मी उठून उभी राहिले.

"भाऊ, तेवढं वाक्य काढा."

"तेवढंच नाही निघत, सिस्टर. मायनं गाणं अन् मार एका दमात सांगतला. तोडलं त खोटं होते."

"मग सगळं काढा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "माय, तू सांग. ठेवू का काढू?"

आईने मात्र माझ्याकडे पाहिलं. "ती म्हणते त काढ बापा. तिले लोकायत राहा लागते."

"तुहं काय म्हणणं हाय?"

"काढ म्हटलं न."

भाऊंनी पुसलं. आईने त्यांना चहा दिला. त्या विषयावर आम्ही मायलेकी पुन्हा बोललो नाही.

दोन वर्षांनी आई गेली. जयंती जवळ आली तशा बाया गाणी मागायला आल्या. मला दीड कडवं येत होतं. बाकी सगळं आईबरोबर गेलं होतं. माझ्या फोनमध्ये तिचा आवाज नव्हता. रोज समोर असलेल्या माणसाचा आवाज कोण साठवतं? मी बस धरून किन्हीराजाला गेले. भाऊंनी कुठेतरी कॉपी ठेवलीच असेल, अशी माझी खात्री होती.

"नाही, सिस्टर. तुमच्यासमोरच पुसली होती."

"एक ठेवली असती तर काय बिघडलं असतं?" माझा आवाज चढला.

"मंग तुमच्या मायनं मले दार उघडलं नसतं. कोनंच नसतं उघडलं."

भाऊंनी चहा ठेवला, माझ्यासमोर स्टूल ओढलं आणि कॅमेरा मांडला. "येते तेवढं म्हणा."

मी युनिफॉर्मवरच होते. दीड कडवं म्हटलं, बेसूर. ते थांबवेनात, मीही उठेना. मग आई मेथी निवडताना जे बोलली होती ते मी सांगितलं. मास्तर, मार आणि पुढचं कडवं, त्याच क्रमाने. ती हसली होती हेही सांगितलं. ते पुसायला मीच लावलं, हेही.

पुढच्या आठवड्यात भाऊ अनसिंगला आले. समोरच्या भिंतीला आता कपाट होतं, म्हणून चादरीला वडिलांच्या फोटोचा खिळा लागला. फोटो मीच उतरवला. दारं लावली. चादरीवर मी दिसले, कॉलर वाकडी, केस चप्प बसलेले.

"ठेवू का काढू?"

"ठेवा."

भाऊंनी चादर घडी केली. मी फोटो पुसून परत त्याच खिळ्याला अडकवला.

"जरा तिरपा झाला, सिस्टर."

"राहू द्या," मी म्हटलं, "हाय तसा."