रैनूचे तळपाय

रैनू गेल्याची बातमी मला एसटीच्या कंडक्टरनं दिली. आलापल्लीच्या स्टँडवर मी सिरोंच्याच्या गाडीची वाट बघत होतो, आणि गडचिरोलीहून आलेल्या गाडीच्या दारातूनच तो ओरडला, "मास्तर, तुमचा रैनू गेला जी. तापानं गेला." तुमचा रैनू... ऐकून आधी बरं वाटलं, मग त्या बरं वाटण्याची लाज वाटली. मी शाळेतला खेळाचा मास्तर, तो उन्हाळ्याचे चार महिने रोजंदारीवर जंगलातली आग विझवणारा. माझा म्हणावा असं मी त्याच्यासाठी काहीच केलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी शोकसभा झाली. रैनूच्या फोटोपुढे कोऱ्या करकरीत बुटांचा जोड ठेवला होता, वर झेंडूचा हार! ज्यानं जन्मात पायात काही घातलं नाही, त्याला ही श्रद्धांजली. देव अक्कल वाटत होता तेव्हा ही मंडळी कुठल्या उद्घाटनाला गेली होती कोण जाणे. भाऊसाहेब म्हणजे इथले बडे पुढारी, प्रत्येक मंडळाचे तहहयात अध्यक्ष. ते रडवेल्या आवाजात 'अनवाणी धावणारा वनपुत्र' असं काहीबाही बोलले. याच तोंडानं नऊ वर्षांपूर्वी काय म्हटलं होतं, ते बहुधा पानाबरोबर थुंकून टाकलं असावं. मीही दोन शब्द बोललो. छान बोललो, असं लोक म्हणाले.

रैनू अनवाणी का, हे त्या सभेत एकालाही ठाऊक नव्हतं. मोह वेचायच्या दिवसांत लोक झाडाखालचा पाचोळा जाळतात, आणि ती आग कधीकधी सरपटत जंगलात शिरते. वरून विझलेली दिसते, खाली विस्तव धुमसत राहतो. "जोडे घातले का जमीन बोलत नाई, मास्तर," तो मला एकदा म्हणाला होता. "पानाखालचा इस्तो डोळ्याले दिसत नाई. पायाले समजते."

नऊ वर्षांपूर्वी भाऊसाहेबांच्या मंडळानं 'जंगल दौड' काढली. बारा किलोमीटर, सागवनातून. पहिल्या येणाऱ्याला मंडळाच्या वसतिगृहात कायमची चौकीदारी, असं त्यांनी माइकवरून जाहीर केलं. रैनू माझ्याकडे आला. "मास्तर, माझं नाव टाका. बारा महिन्याचं काम भेटलं तं आंध्रात मिरच्या तोडाले जावं लागनार नाई." मी नाव टाकलं. नागपूर-चंद्रपूरकडून रंगीबेरंगी बुटांतले, डोळ्यांवर काळे चष्मे लावलेले चाळीसेक धावपटू उतरले. जंगलात येऊन झाडांकडे पाठ करून फोटो काढत होते. रैनूच्या पायांकडे बघून हसले, आणि अर्ध्या वाटेवर त्याची पाठही त्यांना दिसेनाशी झाली.

शेवटच्या रेषेवर स्टॉपवॉच घेऊन मी उभा. रैनू आला तो चौथा. घोट्यापर्यंत पाय राखेनं काळे, तळव्याला फोड, हातात अजून करपलेली डहाळी. मी सगळं पाहिलं. "नाल्यापाशी खाली गरम लागलं," तो धापा टाकत म्हणाला. "पान सरकवून पाह्यलं तं इस्तो. झोडपून आलो. नाईतं सांजेपर्यंत डोंगर पेटला असता."

"बाकीचे त्याच वाटेनं आले ना? त्यांना नाही दिसली ती आग?" भाऊसाहेब म्हणाले. "याला मोहाची चढली वाटतं!" झालं, अख्खा मांडव खिदळला. पुढारी हसला की हसायचं, एवढंच शिक्षण आमच्याकडे सार्वत्रिक आहे.

रैनू माझ्याकडे वळला. "मास्तर, तुमी तं पाहा नं माझे पाय."

मी घड्याळाकडे बघितलं. म्हणालो, "वेळ तर चौथ्याचीच आहे." माझी बदली भाऊसाहेबांच्या हातात होती... इतकी स्वस्त गोष्ट.

पहिल्या आलेल्या नागपूरकरानं चौकीदारी ऐकून तोंड वाकडं केलं आणि चषक घेऊन निघून गेला. जागा रिकामीच राहिली, पण रैनूला दिली नाही. तो दर पावसाळा सरला की मिरच्या तोडायला जात राहिला. मी भेटलो की मात्र आधी तोच रामराम करायचा. मला वाटायचं, मनातून थुंकत असेल माझ्यावर. थुंकला असता तर बरं झालं असतं.

सभेनंतर दोन दिवसांनी त्याचा तो फोटो द्यायला त्याच्या गावी गेलो. दाराशी चपटा दगड आणि पाण्यानं भरलेली घागर. घरात शिरण्याआधी तो तिथं पाय धुवायचा. त्याची बायको, सोमी, अजून रोज सांजेला ती घागर भरून ठेवते. "मी काऊन भरतो तं मलेच समजत नाई," म्हणाली. मी चपला काढून दगडावर उभा राहिलो, आणि तिनं माझ्या पायांवर पाणी ओतलं.

"दौडीच्या दिवशी त्याचे पाय मीच धुतले इथी," ती म्हणाली. "राखच राख जी. तो म्हने, मास्तर घड्याळ पाहत होते, त्यायले दिसलेच नाई, नाईतं मास्तर बोलल्याबिगर राह्यले नसते. खरंच दिसले नाई ना, मास्तर?"

"नाही दिसले," मी म्हणालो.

तिनं मान हलवली आणि घागरीतलं उरलेलं पाणी माझ्या पायांवर ओतलं.