सुई आधी, पान नंतर

माझ्या पिशवीत इन्सुलिनची दोन पेनं असतात. एक संथ. सकाळी एकदा टोचलं की दिवसरात्र अंगात गपगुमान राबतं. दुसरं घाईचं. दहा-पंधरा मिनिटांत कामाला लागतं, पोटात जेवण आलंय की नाही याची चौकशीसुद्धा करत नाही. म्हणून ते पान वाढल्यावरच घ्यायचं, हे मला तोंडपाठ आहे. पण शिरोळकडे सासुरवाडीच्या यात्रेला मी अक्कल गहाण ठेवली.

मटणाचा वास सुटला होता, पानं मांडली होती. मी आतल्या खोलीत जाऊन चांगली भरघोस मात्रा टोचली आणि जावयाच्या मानाच्या जागेवर ऐटीत येऊन बसलो. मग कळलं, देवाचा निवद दाखवून झाल्याशिवाय कुणी घास उचलायचा नाही. निवद घेऊन बायकोच गेली होती, आणि देवळापुढं ही मोठी रांग.

थोड्या वेळानं मला घाम फुटला, हात थरथरू लागले आणि हसू यायला लागलं. समोरच्या पावण्यांच्या मिशीला हसलो, पंख्याला हसलो. साखर उतरली की कुणी चिडतं, माझं डोकं असं उधळतं. स्वयंपाकघरात जाऊन सासूबाईंकडं साखर मागितली, तर त्यांनी डबाच पदराआड धरला. शुगरवाल्याला साखर म्हणजे विष, हे त्यांचं ठाम मत. गावाच्या चारी बाजूंना ऊस, आणि मी चमचाभर साखरेसाठी हात जोडत होतो. मला खरंच भीती वाटली, आणि त्या भीतीचंही हसू आलं.

तेवढ्यात बायको आली. माझा अवतार बघून तिनं आधी गुळाचा मोठा खडा माझ्या तोंडात कोंबला, मग आईला समजावलं की औषध जेवणाच्या पुढं पळालं, आता गूळच औषध.

सासूबाईंना एकदम सासरे आठवले. सासरे रोज सकाळी दुधासारखं गढूळ इन्सुलिन घेतात. त्यात घाईचं आणि संथ दोन्ही मिसळलेलं असतं. ते टोचून अर्ध्या तासात न्याहारी करायची, तर हे उपाशीच डेअरीला दूध घालायला जातात.

"ह्यास्नी बी डेअरीवरनं आल्यावर असाच घाम फुटतोय," त्या म्हणाल्या. "आन् मी बिनसाखरेचा च्या देऊन वर शिव्या घालतोय."

त्या तडक पंगतीत गेल्या आणि सगळ्या पावण्यांदेखत सासऱ्यांच्या खिशात गूळ कोंबला. "घाम आला की खायाचा. मला इचारायचं न्हाय."

सासऱ्यांना काही उमगेना. त्यांना तेव्हा घाम आलेलाच नव्हता, तरी सासूबाई त्यांचं कपाळ पदरानं पुसत राहिल्या.