सासूबाईंची उजवी दाढ

सासूबाईंच्या तोंडात भाकरी चावण्यालायक दाढांची एकच जोडी उरली होती, उजवीकडची. नव्वदच्या दशकात कधीतरी त्यातली खालची किडली. ती गेली असती तर भाकरी दुधात कुस्करून खावी लागली असती, आणि दूध त्यांना मुळीच आवडत नसे.

आम्ही तेव्हा परराज्यात, नवागामला राहायचो. गल्लीतल्या खानदेशी बायका सकाळी ओट्यावर बसून मिश्री लावत. तव्यावर भाजलेली तंबाखू दातांना चोळली की कीड मरते, हा सगळ्यांचा विश्वास. सासूबाईही त्यातल्याच. मी त्यांना ओट्यावरून उठवलं आणि दातांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी कीड कोरली, तळाशी औषध ठेवलं, वर कच्चं सिमेंट भरलं. मग हिंदीत समजावलं, "माँजी, दाढेच्या आत जिवंत पेशी असतात. जंतू जवळ आले की त्यांना चाहूल लागते. मग त्या गवंड्यासारखी आतून नवी भिंत बांधतात. थोडा वेळ द्या. आणि मिश्री बंद."

सासूबाईंनी मिश्री खरंच सोडली. मला कौतुक वाटलं. मग एका सकाळी पाहिलं तर उजव्या गालात गुळाचा खडा.

"आई, हे काय?"

"मिश्रीघाई जंतू मरतस, म्हणीसन डाक्तरनी बंद करी," त्या शांतपणे म्हणाल्या. "जंतू उनातच नहीत, त गवंडी कसाले काम करतीन?"

म्हणजे जंतूंनी यावं म्हणून हा गूळ! मी तो काढायला लावला आणि तशीच रिक्षा बोलावली. डॉक्टर आधी पोट धरून हसले, मग गंभीर झाले. "माँजी, थोडे जंतू आले तर गवंडी भिंत बांधतात. फौज आली तर गवंडीच मरतात. मग दाढ काढावी लागेल."

"हाई पहिले सांगानं ना!" सासूबाईंनी त्यांनाच झापलं.

सिमेंट सुदैवाने शाबूत होतं. घरी येऊन मी गुळाचा डबा कुलपात टाकला. सासूबाईंनी मला गल्लीभर जेलर म्हणून प्रसिद्ध केलं.

दिवाळीनंतर डॉक्टरांनी सिमेंट काढून आत टोचून पाहिलं. आधी मऊ असलेला तळ आता टणक लागत होता. दाढ वाचली. त्यांनी पक्कं भरलं.

"आते मिश्री चालई का?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही!" डॉक्टर आणि मी एकदम ओरडलो.

"दाढ मन्ही शे," त्या खुर्चीवरून उतरत म्हणाल्या, "आणि हुकूम तुम्हना!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी मागितली. कडक भाजलेली.