अकरावं घुंगरू

आमच्या सिग्नल खात्यात माणूस दिसण्याआधी त्याच्याविषयीची तक्रार ऐकू येते. मल्लिकार्जुन अप्पा बिरादारांच्या बाबतीत मला आधी घुंगरं ऐकू आली.

प्रमोशन घेऊन मी नांदेडहून लातूर-उदगीरच्या मधल्या एका स्टेशनावर सुपरवायझर म्हणून आलो होतो. स्टेशनाचं नाव सांगत नाही. तिथले तेव्हाचे मास्तर अजून नोकरीत आहेत आणि तब्येतीने दांडगे आहेत. पहिल्याच दिवशी कडक इस्त्री, नवे बूट अशा थाटात मी रिले रूमच्या दारात उभा राहिलो. रिले रूम म्हणजे स्टेशनच्या सगळ्या सिग्नलांचा मेंदू जिथे असतो ती कुलूपबंद खोली. आतून आवाज आला, छुन् छुन् छुन्. सरकारी मेंदूत कुणी बैल बांधला, असा विचार करतोय तोवर दार उघडलं. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, खाकी शर्ट, खांद्याला कॅनव्हासची पिशवी, आणि पिशवीतून लोंबणाऱ्या लाल वायरी. प्रत्येक वायरीच्या टोकाला एक पितळी घुंगरू.

"हे काय, अप्पा?"

"वायरी हायत, साहेब."

"ते दिसतंय. घुंगरू कशाला?"

"वायर मुकी असती. आत ऱ्हायली तर हाक मारत न्हाई."

यात थट्टा नव्हती. बिघाड कुठे आहे ते शोधायला आम्ही अशी वायर दोन टोकांना तेवढ्यापुरती जोडतो. बिघाड सापडला की काढून घ्यायची. ती चुकून आत राहिली तर सिग्नल खोटं बोलायला लागतो. रुळावर गाडी उभी असते आणि मास्तरच्या पॅनलवर रूळ रिकामा दिसतो. हातभर तांब्याची तार, पण तिच्या भरवशावर दुसरी गाडी आत येऊ शकते. म्हणून अप्पांनी वडिलांच्या सर्ज्या बैलाची घुंगरमाळ सोडवली आणि अकरा वायरींना अकरा घुंगरं बांधली. "वायरी सरकारच्या, घुंगरं सर्ज्याची," असं ते प्रत्येक नव्या साहेबाला न विचारता सांगत.

काम संपलं की मास्तरच्या खोलीतल्या खिळ्याला पिशवी अडकवायची आणि एकेका वायरीला टिचकी मारत मोजायचं. अप्पा भांडायचे मराठीत, शिव्या द्यायचे दखनीत, पण मोजायचे कन्नडमध्ये. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु करत दहाव्याला हत्तु आणि अकराव्याला हन्नोंदु. मग म्हणायचे, "सरी." म्हणजे बरोबर. हे 'सरी' येईपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही. मी एकदा विचारलं, "अप्पा, मराठीत मोजलं तर वायरी कमी भरतात का?"

"मोजताना आईची भाषा पायजे, साहेब. तिथं खोटं बोलायला जीभ वळत न्हाई."

अप्पांनी रेल्वे लहान गाडीच्या काळापासून पाहिली होती. तेव्हा सिग्नल म्हणजे खांबावरचा लाकडी हात. केबिनमध्ये दांडा ओढला की तार ताणायची आणि हात खाली पडायचा. उन्हात तार सैल पडे, थंडीत आखडे, आणि अप्पा पाना घेऊन तिच्या मागे. पुढचा मार्ग मोकळा असल्याची खूण म्हणून ड्रायव्हरच्या हातात लोखंडी गोळा दिल्याशिवाय गाडी पुढच्या स्टेशनाकडे जाऊ शकत नसे. मग दांडे गेले, बटणं आली, रिले आले. प्रत्येक वेळी कुणीतरी अप्पांना सांगे की आता चूक होणारच नाही. अप्पा मान डोलावत आणि घुंगरांना तेल लावत.

रिले रूमला दोन कुलपं असतात. एक चावी मास्तरकडे, एक आमच्याकडे. एकट्याला आत जाता येऊ नये, एवढाच हेतू. ही व्यवस्था अप्पांना इतकी आवडली की ती त्यांनी घरी नेली. त्यांना शुगर होती आणि शेंगदाण्याच्या लाडवांवर जीव होता. मग उदगीरच्या घरात लाडवांची एक पत्र्याची पेटी आली, तिला दोन कुलपं. एक चावी काकूंकडे, दुसरी शेजारच्या बांगडीवाल्या रज्जाकभाईंकडे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा अप्पांनी भिंतीवरून हाक दिली.

"रज्जाकभाई, जरा चाबी द्या!"

"किसके वास्ते, अप्पा?"

"पाहुणे आलेत. आमचे साहेब."

"साहब को बिठाओ. चाबी नहीं आती, मैं आता."

रज्जाकभाई आले. त्यांनी एक कुलूप काढलं, काकूंनी दुसरं. माझ्या हातावर दोन लाडू पडले, पेटी परत बंद झाली. तेवढा वेळ अप्पा आढ्याकडे बघत होते. निघताना रस्त्यावर मला म्हणाले, "बघितली का सिस्टीम? लई फिट हाय. मला माझा भरोसा न्हाई, साहेब. म्हणून तर लोकांना माझा हाय."

मग आमच्या स्टेशनावर कंप्युटर आला.

जुने रिले निघाले, नवी यंत्रणा बसली. दोन दिवस गाड्या झेंड्यांवर काढल्या. तिसऱ्या दिवशी दुपारच्या पॅसेंजरपासून नवे सिग्नल चालू करायचे होते. मोठे साहेब हजर, पेढे हजर, पॅनलला हार घातलेला. सगळ्या तपासण्या झाल्या. अप्पा पिशवी खिळ्याला लावून यार्डाच्या पलीकडच्या टोकाला कपाटांची कुलपं बघायला गेले. गाडी यायला पाऊण तास असताना पॅनलवर चार नंबरचा रूळ रिकामा असूनही आपोआप लाल झाला. विझला. पुन्हा लाल.

"ये क्या है?" मोठे साहेब म्हणाले.

"बघतो, सर," म्हणत मी धावलो. जाताजाता अप्पांच्या पिशवीतली एक वायर ओढून घेतली. न विचारता.

रुळाकाठच्या लोखंडी कपाटात मी वाकलो तर मोठे साहेब माझ्या मागे येऊन उभे, कानाला फोन. माझ्या हातात छुन् छुन्. त्यांनी फोनवर हात ठेवला. "अरे भाई, ये क्या नाच-गाना लगा रखा है?"

वीस वर्षं नोकरी झालेला मी, मला एका बैलाच्या घुंगराची लाज वाटली. मी ते सोडलं आणि शर्टाच्या खिशात टाकलं. वायर लावली, पॅनलवरचा लाल गेला. बिघाड कुठे ते कळलं, एक नट ढिला होता. आवळला. मास्तर फोनवर ओरडले, "साफ झालं हो!" साहेबांनी पाठ थोपटली. मी कपाट बंद केलं.

वाचकहो, तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. साफ दिसणारच होतं, वायर आतच होती.

पॅसेंजर येऊन बाहेरच्या सिग्नलला उभी राहिली. आता उरला एक कागद. आमच्याकडे यंत्राला हात लावण्याआधी मास्तरला लेखी द्यावं लागतं की हे बंद करतोय. काम झाल्यावर पुन्हा लेखी, की जोडलं, तपासलं, सुरक्षित आहे. या दुसऱ्या कागदावर माझी सही झाल्याशिवाय सिग्नल हिरवा होणार नव्हता. मास्तर शिक्का उगारून बसले होते. तेवढ्यात अप्पा आत आले आणि सरळ खिळ्याकडे गेले.

"ओंदु, एरडु, मूरु…" टिचकी, टिचकी. "ओंबत्तु, हत्तु."

थांबले. पुन्हा पहिल्यापासून मोजलं. हत्तु.

"साहेब, एक कमी हाय."

"पडली असंल कुठं गवतात!" मास्तर म्हणाले.

"मग गवतातली दाखवा. तवर लाल."

"एक वायर के लिए गाडी रोकेंगे?" मोठे साहेब कडाडले. बाहेर पॅसेंजरचा भोंगा सारखा ओरडत होता.

अप्पांच्या निवृत्तीला तीन महिने राहिले होते आणि सगळ्या नोकरीत त्यांच्यावर एक ठपका नव्हता. मोठ्या साहेबांसमोर असं अडून बसणं त्यांना परवडणारं नव्हतं. हे मला दिसत होतं आणि त्याचाच मला राग आला.

"अप्पा, पुरे झालं. मी सही करतोय. जबाबदारी माझी."

"करा की. पण मी सरी म्हणलेलो न्हाई."

मी खिशात हात घातला, पेन ओढला, आणि पेनच्या क्लिपला अडकून ते बाहेर आलं. छुन्. कागदावर पडलं, गरगरलं आणि बरोबर सहीच्या जागेवर जाऊन थांबलं.

बोलायचं ते घुंगरू बोललं होतं.

आम्ही दोघं त्या कपाटाकडे चालत गेलो. अप्पांनी दखनीतल्या चार शिव्या दिल्या असत्या तर मी ती मेजवानी समजलो असतो. कपाट उघडलं. वायर आत लोंबत होती, मुकी. मी हात घालणार तोच अप्पांनी मला थांबवलं. दोन रुळांवर त्यांनी एक जाड तार आडवी टाकली. गाडीची चाकं रुळावर आली की जे होतं तेच त्याने होतं. मग स्वतः रुळांच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि फोन लावला.

"मास्तर, चार नंबर कसा दिसतोय?"

"साफ!"

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. "साहेब, मी गाडी हाय. भरलेली. आणि तिकडून दुसरी येऊन राहिली."

त्यांनी वायर काढली. "आता, मास्तर?"

फोनवर मास्तरांचा बारीक आवाज आला, "लाल, अप्पा."

सगळं नव्याने तपासून पॅसेंजर घेतली तेव्हा तासभर उशीर झाला होता. आम्ही दोघं रुळाकाठी उभे. एका म्हाताऱ्याने खिडकीतून आमच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. अप्पांनी त्याला हात जोडले. "द्या, बाबा, द्या. शिव्या देणारा जिता असतो."

संध्याकाळी उशिराचं कारण लिहून द्यायचं होतं. मोठे साहेब मनाने वाईट नव्हते. हळूच म्हणाले, "केबल फॉल्ट लिख दो. खतम करो." मी आशेने अप्पांकडे पाहिलं. त्यांची मान एकदा हलली असती तर मी सुटलो असतो. अप्पा हार काढून ठेवत होते. पाठमोरेच बोलले.

"मशीन बिघडलं की सिग्नल लाल होतो, साहेब. माणूस बिघडला की हिरवा होतो."

मी खरं लिहिलं. वायर न विचारता घेतली, घुंगरू काढलं, वायर आत विसरलो. अप्पांनी कागद माझ्या हातून घेतला आणि खाली आपल्या तिरप्या अक्षरात एक ओळ घातली: 'पिशवी कुलपाशिवाय ठेवली, ही माझी चूक.' मला काय शिक्षा झाली ते मी सांगत नाही. माझी बायको कुणालाही सांगते. अप्पांना ताकीद मिळाली. एवढ्या नोकरीतली पहिली आणि शेवटची.

त्या अकराव्या वायरीचे अप्पांनी माझ्यासमोर पक्कडीने तुकडे तुकडे केले. घुंगरू परत माझ्या खिशात टाकलं. "हे तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या." त्या दिवसापासून ते मोजत हत्तुवर थांबायचे आणि माझ्याकडे बघायचे. मी खिसा हलवायचा. छुन्. "हन्नोंदु. सरी." नवे लोक हसायचे. मोठे साहेबही एकदा हसले, पण मोजणी संपेपर्यंत थांबले.

निवृत्तीच्या दिवशी अप्पांनी वायरी सरकारला परत केल्या आणि दहा घुंगरं दोरीत ओवून घेतली. मी माझं पुढे केलं. त्यांनी माझी मूठ मिटवली. "दोन चाव्या, साहेब. एकट्याला उघडता येऊ नये."

गेल्या वर्षी अप्पा गेले. शुगरने नाही, हे मला रज्जाकभाईंनी तीन वेळा सांगितलं. मी उदगीरला गेलो तेव्हा काकूंनी पेटीपुढे बसून त्यांना हाक मारली. ते चावी घेऊन आले. दोन कुलपं निघाली, माझ्या हातावर दोन लाडू आले, दोन्ही कुलपं परत लागली.

"आता कशाला कुलपं, काकू?"

उत्तर रज्जाकभाईंनी दिलं. "अप्पा का सिस्टीम है, साहब. हम कौन तोडनेवाले?"

काकू उठल्या. देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्यावरून घुंगरांची दोरी काढून समोर बसल्या. "रोज सांजच्याला मोजायचे. हत्तुला थांबायचे. म्हणायचे, एक साहेबाकडं हाय." मग त्यांनी एकेका घुंगराला बोट लावलं. ओंदु, एरडु, मूरु. माझ्या हातातले लाडू तसेच राहिले. एंटु, ओंबत्तु, हत्तु.

त्यांनी मान वर केली आणि माझ्या खिशाकडे पाहिलं.

मी खिसा हलवला.

"हन्नोंदु," मी म्हणालो.

"सरी," काकू म्हणाल्या, आणि मला लाडू खायची खूण केली.