दार शाबूत होतं

दुपारी प्रयोगशाळेत, पडद्यावर प्रथिनाचं चित्र फिरत असतं आणि माझे डोळे मिटत जातात. शेजारची खुर्ची सरकते. ताई येऊन बसते.

मंदाकिनी, माझी थोरली बहीण. धरणाच्या वसाहतीत हगवणीची साथ आली तेव्हा ती तिसरीत होती. त्यातच गेली. मी पन्नाशी ओलांडली, तरी ती ताईच. तिचे ओठ अजून भेगाळलेले आहेत.

"हे काय गं?"

"आतड्यातल्या पेशीच्या आवरणातलं दार. साखर आत नेतं."

"आपोआप?"

"नाही. आधी मिठातलं सोडियम येऊन बसतं. त्यानं आतली खाच जुळते, मग साखर बसते. बाहेरची बाजू मिटते, मग आतली उघडते. दोन्ही एकदम कधी उघडत नाहीत. पेशीत सोडियम कमी असतं, म्हणून ते ओढीनं आत शिरतं आणि साखरेला बरोबर नेतं. मागोमाग पाणी जातं."

"पाणी," ताई म्हणते.

आता आम्ही वसाहतीतल्या आमच्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरात आहोत. अण्णा, आमचे वडील, माठासमोर उभे आहेत. आई तोंडात पदर धरून भिंतीला टेकली आहे. खाटेवर ताई निजली आहे, आणि माझ्या शेजारीही ताईच आहे.

"जुलाब थांबेपर्यंत घोटभरही नाही," अण्णा म्हणतात.

"साथीत ते दार मोडतं का?" ताई मला विचारते.

"नाही. सगळं वाहून जात असतं तेव्हाही ते चालू असतं. तांब्याभर उकळलेलं पाणी, चिमूटभर मीठ, मूठभर साखर. घरात सगळं होतं."

"मग त्यांना सांग."

मी अण्णांसमोर जाते. "बाजूला व्हा."

"डॉक्टरांनीच सांगितलं होतं."

"ती पाणी मागत होती, अण्णा."

"आम्हाला काय कळत होतं?"

"कळत नव्हतं तर तिच्याकडे बघायचं. ओठ दिसत नव्हते? तुम्ही शिकलेले होता, ओव्हरसियर होता. गावाला पाणी पोचवायला धरण बांधत होता."

अण्णा हलत नाहीत. मी त्यांना खांद्यानं ढकलते, माठात हात घालते. पाणी गार आहे. ओंजळ भरून वळते तर प्रयोगशाळेचा लांब बोळ, आणि ताई माझं मनगट घट्ट धरून उभी.

"पी," मी म्हणते.

"आता नको."

"ताई, पी ना."

"नको गं. मी गेले तेव्हा सगळे म्हणाले, देवाची मर्जी. आईसुद्धा. घरात कुणीच रागावलं नाही." तिची बोटं आणखी रुततात. "तू रागाव. थांबू नकोस."

मी जागी होते. जबडा आवळलेला, पदराखाली घाम. डाव्या मनगटावर नखांच्या चार बारीक खुणा आहेत, लहान मुलाच्या बोटांच्या अंतरावर. एकीतून रक्त आलं आहे.