व्हर्लीनबाईंचे जांभळे गांडूळ

पॉसम क्रीक बॅप्टिस्ट मंडळीत पाळक नेमण्याची रीत घटनेत एक आणि व्यवहारात दुसरी होती. घटनेप्रमाणे उमेदवाराने रविवारी उपदेश करावा आणि मंडळीने हात वर करून कौल द्यावा. व्यवहारात त्याची परीक्षा आदल्या दिवशी मुख्य डीकन, म्हणजे मंडळीचा कारभारी, वेंडल हार्गेट याच्या बोटीत होत असे, आणि रविवारचा उपदेश हा निकाल लागल्यानंतरचा सत्कार असे. ज्याला तळ्यातला बास मासा धरता येत नाही त्याच्या हाती आत्मे सोपवणे वेंडलला धर्मशास्त्राच्या अंगानेही पटत नव्हते. प्रभूने पहिले शिष्य निवडले ते कोळी होते, त्यांत गोल्फ खेळणारा एकही नव्हता, हा त्याचा आवडता दाखला.

या कसोटीवर त्या वर्षी तीन उमेदवार उतरले नव्हते. पहिला पाण्यात पडला. दुसऱ्याला बोट लागली, तीही धक्क्याला बांधलेली असताना. तिसऱ्याकडून आशा होती, दोन बऱ्यापैकी मासेही त्याने धरले. पण दुपारी त्याने पिशवीतून केळे काढले आणि सोलले. बोटीत केळे म्हणजे मासा न लागण्याचा अपशकुन, आणि ते आणणाऱ्या माणसाला ॲलाबामात कोणी आपले कुत्रेसुद्धा सांभाळायला देत नाही. वेंडलने त्याला जवळच्या धक्क्यावर केळ्यासकट उतरवले.

या सगळ्याचा घोर सर्वांत जास्त कोणाला लागला असेल, तर व्हर्लीन टॅकेट यांना. व्हर्लीनबाई लग्नाआधीपासून चर्चमध्ये पियानो वाजवीत. मधल्या काळात नवरा आला आणि गेला, पियानो राहिला. आता चौथाही उमेदवार नापास झाला, तर मंडळीने शहरातल्या रिव्हरगेट चर्चमध्ये विलीन व्हावे, असे ठरले होते. बाई एकदा रिव्हरगेट पाहून आल्या होत्या. तिथे ढोल होते, गिटारी होत्या, व्यासपीठावर धूर सोडणारे यंत्र होते. पियानोही होता. तो बाहेरच्या दालनात होता, त्याच्या झाकणावर कॉफीची साखर आणि कागदी पेले मांडले होते, आणि कोणीतरी त्याच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवर वापरलेला चमचा ठेवला होता. तो चमचा बाईंच्या मनातून गेला नाही.

बाईंचा दुसरा उद्योग हिवाळ्यात चाले. थंडीत धरणवाले तलावाचे पाणी उतरवीत, आणि बुडालेली खोडे, कुंपणे, जुन्या रस्त्याचा दगडी पूल असे सगळे चिखलासकट वर येई. बाई दिवंगत नवऱ्याचे गमबूट चढवून त्या चिखलात हिंडत आणि उन्हाळाभर लोकांनी अडकवून तोडलेली नकली आमिषे खोडांवरून बोरांसारखी वेचून आणीत. गंजलेले गळ बदलायचे, बाकीचे घासून लोण्याच्या रिकाम्या डब्यांत भरायचे, आणि वसंतात गाडी ठेवायच्या छपराखाली मांडून नवशिक्यांना किरकोळ भावात विकायचे. मासे कुठे धरले याबद्दल पॉसम क्रीकचा एकही पुरुष खरे बोलत नसे. पण त्याची आमिषे मात्र जिथे तो खरोखर बसला होता तिथेच लटकलेली असत. कॅथलिकांना पापे कबूल करायला पेटी असते. बॅप्टिस्टांना तो चिखल होता. वेंडल आपल्या प्रत्येक आमिषावर बायकोच्या नखपॉलिशचा लाल ठिपका देई. आपण उत्तरेच्या खाडीत मासे धरतो, असे तो गावाला सांगत आला होता, आणि लाल ठिपके दर हिवाळ्यात त्या बुडालेल्या पुलाच्या कमानीत सापडत. बाईंनी ते कोणाला सांगितले नव्हते. ठिपका मात्र खरवडून टाकीत.

चौथा उमेदवार इझ्रा पेटिग्रू, नवशिक्यांची आमिषे इथे मिळतात असे ऐकून, शुक्रवारी दुपारी बाईंच्या दारी आला. उंच, सडपातळ, कान मोठे, आणि हातात लहान मुलाची शवपेटी वाटावी एवढी प्लास्टिकची पेटी.

"मिस व्हर्लीन, खरं सांगतो, मी आयुष्यात मासा धरलेला नाही."

"हे दुसऱ्या कोणाला बोललात का, ब्रदर?"

"नाही."

"मग बोलू नका. उघडा ती पेटी."

पेटीत शंभरेक आमिषे होती. डोळे वटारणारी, खुळखुळणारी, चकाकणारी. आणि एका कप्प्यात, चावी दिल्यासारखे पाय फिरवणारे बदकाचे पिल्लू.

"हे कशाला?"

"दुकानातला पोरगा म्हणाला, मोठे मासे पिल्लं गिळतात."

"त्यानं तुम्हाला गिळलं. पावती आहे ना? उद्याचं उरकलं की सगळं परत करून या."

बाईंनी डब्यांतून तीनच वस्तू काढल्या. एक मऊ प्लास्टिकचे जांभळे गांडूळ, एक पांढऱ्या झालरीचे फिरते पाते, एक पोकळ रबरी बेडूक. गांडुळाच्या डोक्यावर शिशाची लहानशी टोपी बसवली, आणि गळाचे टोक त्याच्याच अंगात असे लपवले की खोडावरून फरफटले तरी अडकू नये. मग कोपऱ्यातली जुनी काठी दिली. तिच्या रिळाला बटण होते. दाबून फेकायचे, सोडले की दोरा सुटतो.

"हे खेळण्यातलं वाटतंय," पेटिग्रू म्हणाला.

"खेळण्यातलंच आहे. माझ्या भाचीचं. वेंडलसारखं भारी रीळ दिलं, तर पहिल्याच फेकीत दोऱ्याचं घरटं होईल आणि ते सोडवत बसाल."

"पण रंग? दुकानात रंगांवर एक अख्खी भिंत होती."

"पाणी गढूळ असलं की काळपट, नितळ असलं की फिका. बाकीची भिंत तुमच्यासाठी असते, माशासाठी नाही. उद्या गढूळ आहे. गांडूळ टाका, तळाला जाऊ द्या, मनात गीताचं एक कडवं म्हणा. मग हळूच ओढा. कोणी दारावर टकटक केल्यासारखं वाटलं की हिसका."

"कुठलं गीत?"

"संथ असलेलं."

निघताना बाईंनी सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगितली. दुसरी बोट जवळ येऊन विचारील, काही लागतंय का? तेव्हा उत्तर एकच: एक-दोन, बारके.

"आणि मोठे लागले असतील तर?"

"तर एकच, बारका."

"मिस व्हर्लीन, ते खोटं झालं!"

"तळ्यावर ते खोटं नसतं हो. रामराम असतो तो."

"मला नाही जमणार. खोटं बोलायचा नुसता विचार केला तरी माझं तोंड लाल होतं."

बाईंनी त्याच्या कानांकडे पाहिले. ते आत्ताच लाल होते. त्यांना पियानोवरचा तो चमचा आठवला.

शनिवारी सकाळी व्हर्लीनबाई बांबूची काठी आणि घडीची खुर्ची घेऊन, जुना रस्ता जिथे पाण्यात उतरतो तिथे एका वाळुंजाच्या झाडाखाली जाऊन बसल्या. वेंडलने उत्तरेची खाडी जाहीर केली होती, म्हणून त्या दक्षिणेला, बुडालेल्या पुलापाशी आल्या. थोड्याच वेळात त्याची बोट आली. राहत्या घरापेक्षा महाग, आणि नवऱ्या मुलीच्या ओढणीवर शोभावी अशी तिच्या अंगावर चमकी. पाण्यावरून आवाज खोलीतल्यासारखा येत होता.

"ही जागा माझ्या बायकोलासुद्धा माहीत नाही," वेंडल म्हणाला. मग काठीकडे पाहून, "हे काय, ब्रदर? दूध पाजून ढेकर काढायला पाठीवर थोपटायचं का त्याला?"

पेटिग्रूने बटण दाबले. गांडूळ कमानीपाशी पडले. बराच वेळ काही झाले नाही. तो ओठ हलवत होता, आणि कडवे खरोखरच संथ असावे. मग त्याने हिसका दिला, इतक्या जोरात की तो स्वतः खाली बसला. पाणी फुटले. वेंडलने जाळे पुढे केले आणि बाप्तिस्म्याच्या वेळीही न काढलेला आवाज काढला.

"आठ पौंडांच्या वर आहे! देवा, या बटणावर!"

मासा बोटीतल्या पाण्याच्या टाकीत गेला, झाकण पडले, आणि नेमकी तेव्हाच वळणावरून दुसरी बोट आली. तीत रिव्हरगेटचा पाळक ब्रॅडन होता, काळा चष्मा, पांढरे दात. वेंडल जेवायला बसावे तसा टाकीच्या झाकणावर बसला.

"काय मंडळी, लागतंय का काही?" ब्रॅडनने हाक दिली.

व्हर्लीनबाईंनी डोळे मिटले. एक, बारका, त्या मनात म्हणाल्या. एक, बारका.

"हो," पेटिग्रू म्हणाला. "आत्ताच एक लागला, आठ पौंडांचा. या पुलाच्या डाव्या कमानीपाशी. जांभळ्या प्लास्टिकच्या गांडुळावर, ते वापरलेलं आहे. आणि या काठीनं."

त्याने काठी वर धरली. वेंडलचा चेहरा भाजलेल्या वांग्यासारखा झाला. आपल्या यजमानाचे गुपित आपण चव्हाट्यावर मांडले, हे पेटिग्रूला तेवढ्यात उमगले, आणि लाली त्याच्या गळपट्टीतून निघून कानांच्या टोकांपर्यंत गेली. ब्रॅडनने ते बटण पाहिले. मग तो लाल चेहरा पाहिला. मग तो खो खो हसला.

"छान होतं, ब्रदर! पण अजून कच्चे आहात तुम्ही. खोटं बोलताना लाजायचं नसतं." त्याने सोबत्याला समोरचा काठ दाखवला. "तिकडे घे रे. इथे काहीही नाही."

बोट दूर गेल्यावरही वेंडल बराच वेळ झाकणावरून उठला नाही. त्याचे खांदे हलत होते. रडतो आहे की काय, असे बाईंना वाटले.

"डाव्या कमानीपाशी!" तो अखेर धापा टाकत म्हणाला. "वापरलेलं गांडूळ! आणि वर लाजण्याचं सोंग! अहो, चाळीस वर्षं या तळ्यावर बोलतोय मी, पण खरंच सांगून फसवायचं, हे सुचलं नाही."

"मी फसवलं नाही, ब्रदर हार्गेट. मी प्रामाणिकपणे..."

"बघा, बघा! अजून चालूच!" वेंडलने डोळे पुसले. "हा माणूस परमेश्वरानं पाठवलाय."

रविवारचा उपदेश बरा होता. नंतर वेंडल उठला आणि बंधू पेटिग्रू यांना आत्म्याची कोणती कृपादाने लाभली आहेत हे त्याने गंभीरपणे सांगितले, पण त्यांतल्या मुख्य दानाचे नाव घेतले नाही. हात वर झाले. पहिल्यांदाच सगळे. पियानोच्या बाकावर व्हर्लीनबाईंनी श्वास सोडला, आणि तेवढ्यात पेटिग्रू पुन्हा व्यासपीठावर चढला.

"बंधुभगिनींनो, तुमच्या प्रेमाला पात्र होण्याआधी एका गैरसमजाबद्दल बोलणं मला भाग आहे. काल सकाळी मी जे बोललो ते अक्षरशः खरं होतं. दक्षिणेकडच्या त्या बुडालेल्या पुलाच्या..."

वेंडल अर्धवट उठला. पुढच्या रांगेतला एकजण खिशात पेन शोधू लागला.

व्हर्लीनबाईंनी दोन्ही हात पट्ट्यांवर पाडले. सूर इतका मोठा होता की काचा वाजल्या, आणि मंडळी जन्माच्या सवयीने उभी राहिली. पेटिग्रूने हात उंचावला. बाईंनी पायाने पेडल तळाशी दाबले. त्याने पुन्हा तोंड उघडले, आणि समोर शंभर माणसे गात असताना उघड्या तोंडाचे जे करता येते तेच त्याने केले. तो गाऊ लागला, लालबुंद होऊन.

त्या गीताला चार कडवी होती. व्हर्लीनबाईंनी सहा वाजवली, आणि सहावे संपता संपता कडेने नव्या पाळकाकडे पाहिले. तो अजून बोलण्याच्या विचारात दिसला. मग त्यांनी सातवे सुरू केले.