संजीवनीने लावलेला कौल

पर्यावरणशास्त्र म्हणजे चित्रं चिकटवून मार्क मिळवायचा विषय, असं आम्हा महाडच्या पोरींचं ठाम मत होतं. २००३च्या जूनमध्ये आमच्या कॉलेजने बी.कॉम.ला जोड म्हणून त्याचा रविवारचा वर्ग काढला. माझा प्रकल्प एमआयडीसीच्या वासावर होता. खिडकी उघडली की अभ्यास झाला!

संजीवनी मात्र सगळं मनाला लावून घेणारी. पोलादपूरच्या वर, डोंगराच्या कुशीत तिची वाडी. वडील गोमाजी शेती करायचे, म्हशी राखायचे आणि वाडीच्या देवाची पूजाही त्यांच्याकडेच होती. डोंगर कसा सरकतो ते सरांनी शिकवलं, तेव्हा हिला घरच्या गोठ्यामागची भेग आठवली. तिने भेगेच्या दोन्ही अंगांना खुंट्या ठोकल्या आणि दर आठवड्याला दोरीने अंतर मोजायला लागली. पाऊस वाढला तसं अंतर वाढत गेलं. मग एके दिवशी झऱ्याला गढूळ पाणी आलं, म्हणजे डोंगर आतून सुटत चालल्याची खूण.

तिने दारोदार जाऊन सांगितलं, वाडी सोडा. लोक हसले. "चार बुकं शिकली नि आता आमाला डोंगर शिकवते," म्हणाले. मला आजही त्या हसण्याचा राग येतो, पण खरं सांगायचं तर मीही हसलेच असते. शेवटी ठरलं की देवाला कौल लावायचा. कौल म्हणजे देवाच्या पाषाणाला दोन्ही खांद्यांवर पाण्याने फुलाची एकेक पाकळी चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही.

त्या सकाळी गोमाजीकाका पाणी आणायला गेले, तेवढ्यात संजीवनीने समईतल्या तेलात बोट बुडवून पाषाणाच्या उजव्या खांद्यावर फिरवलं.

सगळी वाडी देवळात जमली. काकांनी डावी पाकळी लावली. उजवी लावताना त्यांचं बोट क्षणभर थबकलं आणि त्यांनी लेकीकडे पाहिलं. मग त्यांनी पाकळी लावली, "वाडी सोडायची का, देवा?" म्हणून विचारलं. उजवी पाकळी घसरली. काकांनी मोठ्याने सांगितलं, "देव म्हनतो, निघा."

दुपारपर्यंत माणसं, गुरं, भांडीकुंडी खालच्या शाळेत पोचली. काका म्हणाले, देवाला दिवा लावून येतो, आणि परत वर गेले. दिवेलागणीला डोंगर खाली आला. घरं गेली, देऊळ गेलं, काकाही गेले.

वाडी आता खाली वसली आहे. देवाने आपल्याला वाचवलं असं तिथे पोरंसोरंही सांगतात. संजीवनीला त्या प्रकल्पात पहिला नंबर मिळाला. बक्षीस घ्यायला ती गेली नाही. पुढे महाडला एका ऑफिसात लागली. तेव्हापासून तिने केसांना तेल लावलेलं नाही. बोटाला चुकून लागलंच तर साबणाने चोळचोळ चोळते. एसटी कशेडी घाटात पावसात थांबली की ती खिडकीतून वर बघत राहते, नि मग वडील हाक मारतात म्हणते. मी पुष्कळ समजावलं. अगं, तू पन्नास माणसं वाचवलीस, बाबांना परत वर जायला तू थोडंच सांगितलं होतंस? तेवढ्याने तिचं भागत नव्हतं. बाबांना खरंच पटलं होतं, की लेकीची लाज राखायला ते खोटं बोलले, हे तिला जाणून घ्यायचं होतं. सांगणारं कोण उरलं होतं?

गेल्या वर्षी तिची आई चंद्राबाई अंथरुणाला खिळल्या. मी भेटायला गेले होते, तेव्हाच संजीवनीने अखेर आईपुढे तोंड उघडलं. "आये, कौल मी फिरवला गो."

"ठावं हाय मला," चंद्राबाई म्हणाल्या. "वर जाताना त्यांनीच सांगितलं. पोरीला बोलू नको म्हनाले."

"मग त्यांना पटलं नव्हतं?"

"पटलं व्हतं, तवाच तर वाडी खाली धाडली."

"मग वर कशाला गेले?"

चंद्राबाईंनी तिचा हात धरला. "मी आडवलं गो, ऐकलं नाय. म्हनाले, मी देवाच्या तोंडी खोटं घातलं, आता त्यालाच त्या डोंगराखाली एकटा टाकून मी हितं कसा राहू?"